पुराव्यानिशी हरित : मानांकनाच्या कागदपत्रांचे काम कसे शिकावे?

हरित इमारतींच्या मानांकनासाठी लागणाऱ्या कागदपत्रांच्या कामाविषयी, म्हणजे ज्याला व्यवसायात सर्रास ‘डॉक्युमेंटेशन’ म्हटले जाते त्याविषयी, वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून काही वर्षे लेखापरीक्षकांच्या कार्यालयात काम केले आहे. अभियांत्रिकी किंवा वास्तुशास्त्राची पदवी नसताना या क्षेत्रात शिरता येते का? या कामात रोज नेमके काय करावे लागते?

उत्तर : शिरता येते, आणि लेखापरीक्षणात लागलेली सवय ही तुमची मोठी जमेची बाजू ठरेल. लीड (LEED) या अमेरिकेत सुरू झालेल्या मानांकन पद्धतीसारख्या पद्धतीत मानांकनाचा निर्णय मुख्यतः सादर केलेल्या कागदपत्रांवरून होतो. तपासनिसासमोर नकाशे, गणिते, पावत्या, छायाचित्रे आणि सह्यांची पत्रे एवढेच असते, आणि ही इमारत खरोखर पाणी वाचवते, तिच्यात पुरेशी ताजी हवा खेळते, बांधकामाचा राडारोडा भलतीकडे टाकला गेला नाही, हे सारे त्याला त्यांवरूनच पटावे लागते. एखादी गोष्ट बांधकामात उत्तम झाली असली, पण तिचा पुरावा राहिला नसला, तर तिचे गुण मिळत नाहीत. म्हणूनच व्हाउचर पाहिल्याशिवाय नोंद मान्य न करणारा माणूस या कामात लवकर रुळतो.

आधी चौकट समजून घ्या. लीडच्या चौथ्या आवृत्तीत एकूण ११० गुण असतात; ४० गुणांना साधे प्रमाणपत्र, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड आणि ८० पासून पुढे प्लॅटिनम. या गुणांच्या आधी काही अनिवार्य अटी येतात, ज्यांना ‘प्रीरिक्विझिट’ म्हणतात. त्यांना गुण नसतात. पण त्यांतील एक जरी अपुरी राहिली, तरी बाकीचे कितीही गुण जमले असले तरी मानांकन मिळत नाही. नवशिक्यांचे लक्ष गुणांकडे जाते आणि गुण नसलेल्या या अटींचे कागद मागे पडतात. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून अनिवार्य अटींची यादी वेगळी ठेवावी आणि प्रत्येक अटीसमोर तिची जबाबदारी कोणाची आहे हे लिहून ठेवावे.

रोजच्या कामाचा मोठा भाग म्हणजे योग्य माणसाकडून योग्य कागद वेळेत मिळवणे. क्षेत्रफळाचे तक्ते आणि नकाशे वास्तुविशारदाकडून येतात, नळ व फ्लश यांची यादी प्लंबिंग सल्लागाराकडून, ताज्या हवेची गणिते वातानुकूलनाच्या सल्लागाराकडून, राडारोड्याच्या पावत्या कंत्राटदाराकडून आणि साहित्याची बिले खरेदी विभागाकडून. यांपैकी कोणाच्याही दृष्टीने मानांकन हे मुख्य काम नसते. त्यामुळे ‘कागद पाठवा’ असा मोघम निरोप पाठवून काही हाती लागत नाही. कोणत्या मजल्याचा, कोणत्या आवृत्तीचा, कोणाच्या सहीचा आणि कोणत्या तारखेपर्यंत हवा, हे सर्व लिहून मागावे लागते.

दुसरा भाग म्हणजे आलेले कागद एकमेकांशी ताडून पाहणे. या कामाचा खरा कस इथे लागतो, असे माझे ठाम मत आहे. समजा, क्षेत्रफळाच्या तक्त्यात इमारतीचे एकूण क्षेत्र ८,४०० चौरस मीटर आहे आणि ऊर्जेच्या गणितात ८,१५०. पाण्याच्या गणितात ४२० माणसे धरली आहेत आणि सायकलींच्या जागेच्या गणितात ५००. प्रत्येक तज्ज्ञाने आपापले गणित चोख केलेले असू शकते. एकाने तळघर धरले असेल, दुसऱ्याने वगळले असेल. तपासनिसाला मात्र एकाच इमारतीची दोन चित्रे दिसतात आणि तो स्पष्टीकरण मागतो. क्षेत्रफळ, प्रकल्पाची हद्द आणि माणसांची संख्या या तीन गोष्टी सुरुवातीलाच एका कागदावर ठरवून सर्वांना पाठवल्या, आणि नकाशा बदलला की तो कागदही बदलला, तर पुढचा कितीतरी पत्रव्यवहार वाचतो.

तुम्हाला नव्याने शिकावे लागेल ते नकाशावाचन. प्लॅन, सेक्शन, दरवाजे-खिडक्यांचे तक्ते, प्रमाण, आणि कोपऱ्यातला रिव्हिजन क्रमांक, हे सर्व अडखळत न वाचता आले पाहिजे. त्याखालोखाल एकके येतात: मिनिटाला लिटर आणि गॅलन, सेकंदाला लिटर आणि मिनिटाला घनफूट, किलोवॉट आणि किलोवॉट-तास. ऊर्जेचे सिम्युलेशन, म्हणजे इमारत वर्षभरात किती ऊर्जा वापरेल याचे संगणकावरचे गणित, स्वतः करण्याची अपेक्षा तुमच्याकडून कोणी ठेवणार नाही, परंतु त्याचा अहवाल वाचता यायला हवा. एक उदाहरण देतो. अ‍ॅश्रे ९०.१ या इमारतींच्या ऊर्जावापराविषयीच्या अमेरिकी मानकाच्या परिशिष्ट ‘जी’नुसार वर्षभरात ज्या तासांत यंत्रणा खोलीचे ठरलेले तापमान राखू शकत नाही, असे तास ३०० पेक्षा जास्त असता कामा नयेत. अहवालाच्या सारांशातली ही संख्या वाचायला अभियंता असावे लागत नाही, आणि सादर करण्यापूर्वी ती कोणी वाचली नसेल, तर सगळे गणित परत येते.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीचा पदविकाधारक आहे. लीड, ब्रीम, एज, आणि भारतातल्या आयजीबीसी, ग्रिहा अशा मानांकन पद्धतींची अनेक नावे ऐकू येतात. सुरुवात कोठून करावी, आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर नोकरी मिळते का?

उत्तर : जेथे काम करण्याचा तुमचा विचार आहे, तेथील प्रकल्प ज्या पद्धतीत नोंदवले जातात ती पद्धत आधी शिकावी, एक नीट आली की दुसरी शिकायला फार वेळ लागत नाही, कारण पाणी, ऊर्जा, साहित्य आणि आतील हवा हे विषय बहुतेक ठिकाणी तेच असतात. फरक असतो तो पुरावा कोण जमवतो आणि कोण तपासतो यात. लीडमध्ये प्रकल्पाचा चमू कागदपत्रे सादर करतो आणि जीबीसीआय ही संस्था ती तपासते. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ब्रीममध्ये परवानाधारक ‘असेसर’ पुरावे पाहून अहवाल लिहितो आणि त्या अहवालाची गुणवत्ता मूळ संस्था पडताळते. म्हणून तेथे काम करायचे तर असेसरच्या प्रशिक्षणाचा रस्ता धरावा लागतो. एजची रचना त्या मानाने सुटसुटीत आहे: ऊर्जा, पाणी आणि साहित्यात सामावलेली ऊर्जा किंवा कार्बन या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवायची आणि ती स्वतंत्र ऑडिटरने पडताळायची.

परीक्षांविषयी. लीड ग्रीन असोसिएटच्या परीक्षेत १०० बहुपर्यायी प्रश्न आणि दोन तास असतात. १२५ ते २०० या मोजपट्टीवर १७० मिळाले की उत्तीर्ण. त्यापुढची पायरी ‘लीड एपी’ची, म्हणजे लीडच्या मान्यताप्राप्त व्यावसायिकाची, असून तिच्यात नवी इमारत, अंतर्गत सजावट, चालू इमारत अशा शाखा आहेत. ही पदे टिकवण्यासाठी दर दोन वर्षांत असोसिएटला १५ तास आणि एपीला ३० तास शिक्षण दाखवावे लागते. नोकरीच्या जाहिरातींत एपीची मागणी का दिसते, त्याचे एक साधे कारण आहे: प्रकल्पाच्या चमूत त्या शाखेची लीड एपी असलेली व्यक्ती प्रत्यक्ष सहभागी असेल, तर प्रकल्पाला एक गुण मिळतो.

तरीही दोन्ही परीक्षा लागोपाठ देऊन टाकण्याची घाई करू नये, असे मी सुचवीन. असोसिएटची परीक्षा लवकर द्यावी, कारण तिच्यामुळे क्षेत्राची भाषा कळते आणि मुलाखतीचा दरवाजा उघडतो. एपीची परीक्षा मात्र एखाद्या प्रकल्पाची कागदपत्रे हाताळत असताना द्यावी. तेव्हा अभ्यासातले प्रत्येक कलम तुमच्या टेबलावरच्या एखाद्या कागदाशी जोडले जाते आणि लक्षात राहते. मुलाखतीत मला उमेदवाराचे गुण विचारावेसे वाटत नाहीत. त्याच्यासमोर एक बिल ठेवून ‘या बिलात काय कमी आहे?’ असे विचारले की पुरते.

ते बिल कसले, तेही सांगतो. समजा, दरवाजांसाठी एफएससी प्रमाणित, म्हणजे जबाबदारीने जपलेल्या जंगलातले, लाकूड वापरल्याचा दावा आहे आणि पुरवठादाराने आपल्या प्रमाणपत्राची सुबक रंगीत प्रत पाठवली आहे. तेवढ्यावर काम भागत नाही. ज्या विक्रेत्याकडून माल घेतला, त्याचा ‘चेन ऑफ कस्टडी’ क्रमांक, म्हणजे जंगलापासून विक्रेत्यापर्यंत मालाचा माग ठेवल्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, बिलावर छापलेला हवा, बिलातल्या कोणत्या ओळीवरचा माल प्रमाणित आहे आणि कोणत्या प्रकारचा, हे त्या ओळीतच लिहिलेले हवे, आणि विक्रीच्या तारखेला ते प्रमाणपत्र वैध असायला हवे. हा तपशील खरेदीची ऑर्डर देतानाच तिच्यात घालून घ्यावा लागतो. माल येऊन बसवला गेल्यावर आणि विक्रेत्याचे पैसे चुकते झाल्यावर, असे बिल नव्याने करून देण्याची त्याला काहीच निकड उरत नाही.

प्रश्न : मी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे. हाताशी प्रकल्प नसताना या कामाचा सराव कसा करावा? पुस्तके वाचली, पण प्रत्यक्ष काय करायचे ते अजून डोळ्यांसमोर येत नाही.

उत्तर : तुम्ही रोज वापरता ती कोणतीही इमारत सरावाला चालते, तुमचे महाविद्यालयच घ्या. तिचे पाण्याचे गणित पहिल्यांदा करा, कारण त्यात सगळे काही मोजता येते आणि चूक लगेच दिसते.

समजण्यासाठी १०० पूर्णवेळ माणसांचे कार्यालय धरू, ५० स्त्रिया आणि ५० पुरुष. लीडच्या गृहीतकानुसार दिवसात स्त्री तीन वेळा फ्लश वापरते. पुरुष एकदा फ्लश आणि दोनदा युरिनल वापरतो. म्हणजे फ्लशचे वापर २०० आणि युरिनलचे १००. तुलनेसाठीची आधाररेषा फ्लशला ६ लिटर आणि युरिनलला ३.८ लिटर, तेव्हा आधाररेषेचा वापर दिवसाला १,२०० अधिक ३८०, म्हणजे १,५८० लिटर. तुमच्या इमारतीत ४.५ लिटरचे फ्लश आणि १.९ लिटरची युरिनल असतील, तर वापर ९०० अधिक १९०, म्हणजे १,०९० लिटर. बचत ४९० लिटरची, साधारण ३१ टक्के. पाणीबचतीच्या अनिवार्य अटीला किमान २० टक्के बचत लागते, त्यामुळे निदान एवढ्या भागापुरते आपण सुरक्षित आहोत असे वाटते.

आता नकाशाकडे परत जा आणि पुरुषांच्या स्वच्छतागृहात युरिनल खरोखर आहेत का ते पाहा. नसतील तर पुरुषांचेही तिन्ही वापर फ्लशचेच होतात, आधाररेषा ३०० गुणिले ६ म्हणजे १,८०० लिटर होते, प्रत्यक्ष वापर १,३५० लिटर होतो आणि बचत २५ टक्क्यांवर उतरते. फ्लश तोच राहिला, माणसे तीच राहिली. नकाशातली एक गोष्ट नजरेतून सुटल्याने दाव्यात सहा टक्क्यांची तफावत आली. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने केले की आकडा भरण्यापूर्वी नकाशा उघडण्याची सवय लागते.

नंतर नळांकडे वळा आणि उत्पादकाची ‘कटशीट’ मिळवा, म्हणजे त्या वस्तूची तांत्रिक माहिती असलेले पान. सार्वजनिक स्वच्छतागृहातल्या बेसिनच्या नळाची आधाररेषा मिनिटाला १.९ लिटर आहे, आणि ती ४१५ किलोपास्कल दाबाला मोजलेली आहे. कटशीटवरचा प्रवाह मात्र कधी ३ बारला, म्हणजे ३०० किलोपास्कलला दिलेला असतो, तर कधी दाबाचा उल्लेखच नसतो. प्रवाह नियंत्रक नसलेल्या नळातून जास्त दाबाला जास्त पाणी येते. म्हणून दाब न पाहता आकडा उतरवून घेणे धोक्याचे. कटशीटवर बहुधा एकाच मालिकेचे पाच-सहा नळ असतात, त्यांपैकी आपला कोणता, यावर स्पष्ट खूण करा. बाणाने किंवा चौकटीने दाखवलेला मॉडेल क्रमांक आणि प्लंबिंगच्या यादीतला क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे, शेवटच्या अक्षरासकट, कारण त्या शेवटच्या अक्षरातच पुष्कळदा प्रवाहाचा फरक दडलेला असतो.

पाण्याचे गणित जमले की राडारोड्याची नोंदवही घ्या. चौथ्या आवृत्तीत निदान तीन प्रकारच्या साहित्यांचा मिळून ५० टक्के कचरा डेपोकडे जाण्यापासून वळवला तर एक गुण, आणि चार प्रकारच्या साहित्यांचा मिळून ७५ टक्के वळवला तर दोन. जवळच्या एखाद्या बांधकामावर परवानगी घेऊन गेट रजिस्टर पाहा. ‘भंगार, दोन खेपा’ अशी नोंद तुम्हाला सापडेल, आणि वजनकाट्याची पावती सापडणार नाही. सगळ्या नोंदी वजनात किंवा सगळ्या घनमानात, असा नियम आहे. दोन्हींची सरमिसळ चालत नाही. जागा मोकळी करताना निघालेली माती व झाडोरा यात धरायचा नाही. ही वही चार आठवडे जरी नीट भरून पाहिली, तरी पुस्तकातल्या एका प्रकरणाहून जास्त कळते.

प्रश्न : मी साइट इंजिनीअर आहे. मातीची धूप रोखण्याच्या व्यवस्थेची आणि वातानुकूलनाच्या डक्टची तोंडे झाकल्याची छायाचित्रे आमच्याकडून वेळेवर काढली गेली नाहीत. आता वरिष्ठ म्हणतात की व्यवस्था पुन्हा उभी करून छायाचित्रे काढावीत आणि त्यांवर मागच्या तारखा टाकाव्यात. ‘सगळेच असे करतात’ असे ते सांगतात. मी काय करावे?

उत्तर : मागची तारीख टाकू नका. हे मी कोणतीही सूट न ठेवता सांगतो. तुम्ही सादर करता त्या कागदावर कोणी ना कोणी ‘ही माहिती खरी आहे’ अशी सही करणार आहे, आणि मानांकन मिळाल्यानंतरही त्याला आव्हान देण्याची आणि ते काढून घेण्याची तरतूद नियमांत आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, इमारतीत राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या माणसांना त्या प्रमाणपत्राखेरीज दुसरे काही दिसत नसते. डक्टमध्ये सिमेंटची धूळ गेली असेल, तर ती छायाचित्राने बाहेर येत नाही. ती त्यांच्या श्वासात जाते.

आता मार्ग काय, ते पाहू. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे आधी लक्षात घ्या. धूप आणि गाळ रोखण्याचा आराखडा ही अनिवार्य अट आहे, तर बांधकामकाळात आतील हवा जपण्याची व्यवस्था गुणासाठी आहे. धुपेच्या बाबतीत व्यवस्था खरोखर होती, पण छायाचित्रे नाहीत अशी स्थिती असेल, तर इतर पुरावा शोधा: साइटची दैनंदिन नोंदवही, सुरक्षा अधिकाऱ्याच्या पाहणीचे अहवाल, गाळणीचे कापड आणि वाळूच्या पोत्यांची चलने, टायर धुण्याच्या जागेचे कंत्राटदाराचे बिल, आणि दुसऱ्याच कारणाने काढलेली छायाचित्रे, ज्यांच्या कोपऱ्यात ही व्यवस्था दिसते. कामाच्या प्रगतीची छायाचित्रे बहुतेक साइटवर कोणीतरी काढत असते. ती कधी पाहिलीच जात नाहीत. मग कोणत्या काळाचा पुरावा आहे आणि कोणत्या काळाचा नाही, हे सरळ लिहून तो सादर करा आणि आजपासूनची छायाचित्रे आजच्याच तारखेने जोडा. आतील हवेच्या गुणाबाबत पुरावा अजिबातच नसेल, तर तो गुण सोडून द्या. त्याऐवजी रहिवास सुरू होण्यापूर्वी भरपूर बाहेरची हवा खेळवून इमारत धुऊन काढणे किंवा हवेची चाचणी करणे, हा वेगळा गुण अजून तुमच्या हातात असू शकतो. तो घेतला तर आत राहणाऱ्यांचाही प्रत्यक्ष फायदा होतो.

वरिष्ठांशी बोलताना नीतीचा मुद्दा पुढे करून वाद घालण्यापेक्षा गुणांचा तक्ता समोर ठेवा. हा एक गुण गेल्याने अपेक्षित पातळी ढळते का, ते दाखवा. पुष्कळदा ती ढळत नाही, आणि खोट्या तारखेची सूचना तिथेच मागे पडते. तरीही आग्रह राहिला, तर त्या कागदावर आपली सही करू नका आणि नकार लेखी कळवा.

प्रश्न : कागदपत्रांसोबत जोडायचे निवेदन, म्हणजे ‘नॅरेटिव्ह’, आणि तपासनिसाच्या शेऱ्यांची उत्तरे कशी लिहावीत? माझे लिखाण नेहमी लांबते.

उत्तर : शेरा पूर्ण वाचा, त्यात बहुधा एकाहून अधिक मागण्या असतात, आणि एकीचे उत्तर राहून गेले की सारा गुण अडकतो. प्रत्येक मागणी वेगळ्या ओळीवर उतरवून घ्या आणि त्याच क्रमाने उत्तर द्या. उत्तरात काय बदलले, कोणत्या कागदात बदलले आणि कोणत्या पानावर, एवढेच असावे. ‘आमचा प्रकल्प पर्यावरणाबाबत अत्यंत जागरूक आहे’ अशी वाक्ये तपासनिसाच्या काहीच कामाची नसतात. ‘बेसिनच्या नळाचा प्रवाह सुधारित कटशीटनुसार बदलला असून प्लंबिंगच्या यादीत आणि पाण्याच्या गणितात तोच आकडा घेतला आहे’ हे एक वाक्य पुरेसे असते, मात्र यादी आणि गणित दोन्ही खरोखर बदललेली हवीत.

प्राथमिक तपासणीनंतर उत्तराची एक संधी मिळते आणि मग अंतिम निर्णय येतो. त्यापुढे अपील करता येते, पण त्याचे शुल्क वेगळे भरावे लागते. म्हणून प्राथमिक शेऱ्यांना उत्तर देताना घाई नको. आरेखनाच्या टप्प्यावर ‘गुण अपेक्षित’ असा शेरा मिळाला, तर तो गुण हाती आला असेही समजू नका. बांधकामात तो नळ, तो दिवा किंवा ती काच बदलली गेली, तर तो गुण पुन्हा सिद्ध करावा लागतो. तेव्हा खरेदी विभागाने पर्यायी वस्तू मंजूर केल्याच्या प्रत्येक पत्राची एक प्रत आपल्याकडे यावी, अशी व्यवस्था काम सुरू होतानाच करून घ्या.